साभार परत

कल्याणच्या बाजारपेठेतले माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांचे कापडाचे दुकान ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तिथली एक पाटी नक्की आठवेल. गल्ल्याच्या मागे, गणपतीच्या तसबिरीखाली, काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले असे: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ शेजारी दुसरी पाटी होती, ‘आज रोख, उद्या उधार’. या दुसऱ्या पाटीवर गिऱ्हाइकांचा कधी विश्वास बसला नाही आणि खुद्द अण्णांचाही नव्हता; उधारीची वही त्या पाटीखालीच असे. पहिली पाटी मात्र खरी. कापड एकदा मापून, टरकन फाडून, कागदात बांधून दिले, की व्यवहार संपला.

२०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद झाले ते पुन्हा उघडले नाही. जागा भाड्याची होती, अण्णांचे वय ऐंशीकडे झुकलेले. मुलाने आणि सुनेने, म्हणजे माझ्या बहिणीने, घरूनच धंदा चालू केला. उल्हासनगरहून किंवा सुरतेहून तयार कुर्त्या आणायच्या, गॅलरीतल्या उजेडात त्यांचे फोटो काढायचे, ऑनलाइन बाजाराच्या कंपनीकडे ते चढवायचे आणि येतील त्या मागण्या पिशवीत भरून कुरियरच्या मुलाकडे सोपवायच्या. दुकानातले कपाट, गल्ला, फुटपट्टी सारे विकले. ती पाटी मात्र अण्णांनी विकू दिली नाही. आता ती घराच्या आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली असते. तिच्यासमोर जो ढीग असतो तो कशाचा? परत आलेल्या मालाचा!

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. मी सहज म्हणून गेलो होतो. बेल वाजली. कुरियरचा मुलगा दारात उभा, खांद्यावर मोठे पोते. ‘ताई, आज एकवीस आहेत,’ तो म्हणाला. मला वाटले, एकवीस मागण्या न्यायला आला आहे. पण त्याने पोते दारातच रिकामे केले. एकवीस पार्सले परत आली होती. बहिणीने एकेक पिशवी मोबाइलने वाचून घेतली, सही केली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून कात्रीने पिशव्या उघडायला सुरुवात केली. कुणी कुर्ती नुसती उघडून पाहिली होती. एकीवर अत्तराचा वास होता. कुणाच्या तरी लग्नात मिरवून आलेली. एका पिशवीतून तर विटलेला, बाहीला उसवलेला एक भलताच जुना कुर्ता निघाला. ‘हा आमचा नाहीच,’ ती शांतपणे म्हणाली आणि त्याचा फोटो काढून तिने तो बाजूला ठेवला. असा फोटो काढून तक्रार करायची असते. ती मान्य होईलच असे नाही.

या धंद्याची स्वतःची एक भाषा आहे. मागणी नोंदवूनही गिऱ्हाइकाने पार्सल दारातूनच परत पाठवले, किंवा घरी कुणी सापडलेच नाही, तर त्याला ‘आरटीओ’ म्हणतात. आपल्याला आरटीओ म्हटले की गाडीचे लायसन्स आठवते. इथे त्याचा अर्थ ‘जिथून निघाले तिथे परत’ असा. दुसरा प्रकार म्हणजे पार्सल घेतले, उघडले, घालून पाहिले, आणि मग परत केले. पहिल्या प्रकारात माल शाबूत असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यात पिशवी उघडेपर्यंत काही सांगता येत नाही.

परत येणाऱ्या पार्सलाचे दुःख तसे आपल्याकडे नवे नाही. टपाल खात्याने आपल्या देशात १८७७ साली व्ही.पी.पी.ची सोय सुरू केली. माल टपालाने पाठवायचा, पोस्टमनने पैसे घेऊन तो द्यायचा आणि पैसे पाठवणाऱ्याला मिळायचे. मराठी प्रकाशकांच्या, औषधवाल्यांच्या आणि घड्याळवाल्यांच्या किती पिढ्या या व्ही.पी.वर जगल्या असतील! आणि ‘व्ही.पी. परत आली’ हे तीन शब्द त्यांच्या घरात काय कळा आणत, हे त्यांनाच ठाऊक. हौसेने कार्ड टाकून पुस्तक मागवणारा वाचक पोस्टमन दारात येईपर्यंत उत्साह आणि कधी पैसेही हरवून बसलेला असे. टपालखर्च मात्र पाठवणाऱ्याच्या अंगावर.

२००७ साली बेंगळुरूत पुस्तके विकण्यापासून सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय काढली, ती म्हणजे या व्ही.पी.चीच नात. त्या वेळी आपल्याकडे कार्डावर पैसे देण्याची सवय फारच थोड्यांना होती आणि न पाहिलेल्या दुकानदाराला आधी पैसे देण्याची हिंमत त्याहूनही थोड्यांना. दारात पैसे द्यायचे, पसंत नसेल तर परत करायचे, या दोन आश्वासनांनी तो संशय मोडला. जून २०१३ मध्ये अॅमेझॉननेही भारतात दुकान मांडले, आणि मग चढाओढीत परतीचे नियम अधिकाधिक सैल होत गेले.

आश्वासन तसे दीडशे वर्षांचे आहे. अमेरिकेत शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या माणसाने १८७२ मध्ये टपालाने माल विकायला सुरुवात केली. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे दूरदूरच्या वस्त्यांवरचे शेतकरी. शहरी व्यापाऱ्यावर त्यांचा अजिबात भरवसा नव्हता. १८७५ मध्ये त्याने जाहीर केले की समाधान झाले नाही तर पैसे परत. आजूबाजूचे दुकानदार हसले असतील, पण पुढे साऱ्या अमेरिकेला ती वाट धरावी लागली. आज तिथे काय स्थिती आहे? २०२४ या एका वर्षात तिथल्या किरकोळ व्यापारात सुमारे ८९० अब्ज डॉलरचा माल परत येईल, म्हणजे एकूण विक्रीच्या जवळजवळ १७ टक्के, असा अंदाज तिथल्या व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने केला होता. हा झाला सगळ्या दुकानांचा मिळून हिशेब. नुसत्या ऑनलाइन विक्रीत, आणि त्यातही कपड्यांत, प्रमाण याहून बरेच चढते.

हे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘मग त्यात नवं काय? आमच्याकडे जांगड होतं की!’

नव्या पिढीच्या कानावर हा शब्द पडला नसेल. अण्णांच्या दुकानात कीर्द आणि खतावणी या नेहमीच्या वह्यांखेरीज लाल बासनात बांधलेली तिसरी एक वही असे, ती जांगड वही. लग्नसराईत ओळखीच्या घरची बाई दुकानात येई, दहा साड्या निवडी आणि ‘घरी सासूबाईंना दाखवून आणते’ म्हणून घेऊन जाई. तीन ठेवून सात परत येत. हा जो पसंतीवर नेलेला माल, तो जांगड. अण्णा त्याची नोंद करत: नाव, नग, दिवस. साड्या परत आल्या की ओळीवर काट. ‘जांगड माल दुकानातल्या मालात धरायचा नाही आणि विकलेल्यातही धरायचा नाही. तो तिसराच,’ अण्णा म्हणाले. ‘हे ज्याला कळलं नाही त्याचं दुकान दोन दिवाळ्यांत बसलं समजा.’

‘मग ती पाटी?’ मी विचारले.

‘पाटी अनोळखी माणसाला. जांगड ओळखीच्याला.’

त्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ घुटमळत राहिलो. ऑनलाइन बाजाराने केले काय, तर अनोळखी माणसाला जांगड देऊ केले. तेही साऱ्या देशातल्या, गल्ली ठाऊक नसलेल्या, पुन्हा कधी तोंड दिसणार नाही अशा माणसाला. आणि हे करताना वही मात्र दोनच खान्यांची ठेवली: शिल्लक आणि विकलेले.

हा तिसरा खाना नसण्याने काय होते, ते बहिणीच्या एका निळ्या कुर्तीवरून सांगतो. मोठ्या मापाच्या दहा निळ्या कुर्त्या तिच्या कपाटात होत्या. नवरात्राच्या आधी एका आठवड्यात दहाही गेल्या. पडद्यावर शिल्लक शून्य दिसू लागली. शिल्लक शून्य झाली की तो माल गिऱ्हाइकाला दिसेनासा होतो, आणि महिनाभराच्या खपाने वर आलेले त्याचे नाव यादीत पुन्हा खाली घसरते. म्हणून तिने धावतपळत उल्हासनगर गाठले आणि आणखी वीस आणल्या. पंधराव्या दिवशी पहिल्या दहांतल्या चार परत आल्या. विसाव्या दिवशी आणखी एक. तोवर सण सरला, निळ्या रंगाचा दिवस संपला, आणि आणलेल्या विसांपैकी अकरा कपाटात राहिल्या. पाच अधिक अकरा, सोळा निळ्या कुर्त्या. त्या अजून आहेत.

पुढच्या वेळी तिने शहाणपण केले. परत येणार आहेतच, असे धरून कपाटात नसलेल्या चार कुर्त्या शिल्लक दाखवल्या. त्या वेळी मात्र कुणी परत केल्याच नाहीत! चार मागण्या रद्द कराव्या लागल्या. विक्रेत्याने मागणी रद्द केली की दंड, शिवाय दुकानाच्या गुणांकनावर डाग. म्हणजे माल धरला तरी चूक आणि न धरला तरी चूक.

माल किती मागवावा, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. १९१३ साली फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने त्याचे गणित मांडले. एका वेळी फार मागवले तर माल पडून राहतो, त्यात पैसा अडकतो; थोडे थोडे मागवले तर दरवेळच्या मागणीचा खर्च वाढतो; या दोहोंच्या मधला नेमका आकडा कसा काढायचा, याचे ते सूत्र. ते आजही महाविद्यालयांत शिकवतात. पण त्या सूत्रातला माल एकाच दिशेने जातो. कारखाना, वखार, दुकान, गिऱ्हाईक. नदी उलटी वाहू लागली तर काय करायचे, हे त्याला विचारायचे नाही. पुढच्या संशोधकांनी परतीच्या मालासाठी वेगळी गणिते मांडली, मोठ्या कंपन्यांचे संगणक ती सोडवतातही. उंबऱ्यावर कात्री घेऊन बसलेल्या बाईपर्यंत ती पोचलेली नाहीत.

कल्याणहून भिवंडी म्हणजे खाडीपलीकडचे गाव. यंत्रमागाचे म्हणून आपण ते ओळखत आलो. पण भिवंडीभोवतीच्या काल्हेर, राहनाळ, दापोडे, पूर्णा या खेड्यांच्या शिवारात गेल्या काही दशकांत गोदामांची जी नगरी उभी राहिली, तिचे मूळ मुंबईच्या जकातीत होते. माल मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तेवढाच जकात भरून आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामे हलली नाहीत, उलट वाढली. कारण एकीकडे नाशिकचा महामार्ग, दुसरीकडे बंदर, आणि समोर मुंबई-ठाण्याचे कोट्यवधी गिऱ्हाईक. अॅमेझॉनने भारतातले आपले पहिले गोदाम २०१३ मध्ये उघडले ते भिवंडीतच.

अशा मोठ्या गोदामांत माल लावण्याची पद्धत पाहिली, तर अण्णांसारख्या माणसाला घेरीच येईल. आपल्या डोक्यात साड्या साड्यांजवळ, धोतरे धोतरांजवळ. तिथे मुद्दाम उलटे. जिथे रिकामी जागा सापडेल तिथे वस्तू ठेवायची. टूथब्रशाशेजारी पुस्तक आणि पुस्तकाशेजारी कुकरची शिटी. कुठे काय आहे हे संगणकाला ठाऊक असते, कारण वस्तूवरची पट्टी आणि कप्प्यावरची पट्टी दोन्ही वाचून नोंद झालेली असते. गंमत म्हणजे यात चूक कमी होते. एकसारख्या दहा कुर्त्या शेजारी शेजारी असल्या की हात चुकीच्या मापावर पडतो. कुकरच्या शिटीशेजारी एकच कुर्ती असली की चुकायला वावच नाही.

येथवर यंत्र जिंकते. परतीचा माल आला की हरते. बाहेर जाताना शंभर कुर्त्यांचा एक गठ्ठा असतो, शंभरही सारख्या. एकीची नोंद ती सगळ्यांची. परत येताना त्या शंभर वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या अवस्थेत येतात. प्रत्येकीची पिशवी कुणीतरी माणसानेच उघडावी लागते, उजेडात धरावी लागते, काखेपाशी वास घ्यावा लागतो, डाग आहे की सावली ते ठरवावे लागते. नवी म्हणून विकायची, इस्त्री करून विकायची, की लाटात काढायची? हा निर्णय पट्टी वाचून होत नाही. पाठवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ परत घ्यायला लागतो, आणि त्या वेळाचे बिल कुणी कुणाला लावत नाही. घरच्या बाईचा वेळ असला तर मुळीच नाही.

बहिणीच्या वहीतले आकडे जरा गोल करून सांगतो. कुर्ती साधारण २६० रुपयांना पडते. कंपनीची दलाली, कुरियर, पिशवी, कर सारे जाऊन, गिऱ्हाइकाने ठेवलेल्या एका कुर्तीमागे ९० रुपये सुटतात. परत आलेल्या कुर्तीमागे परतीचे भाडे ८० आणि वाया गेलेल्या पिशवीचे १० असे ९० रुपये जातात. आता शंभर पाठवल्या आणि तीस परत आल्या असे धरा. सत्तरांवर ६,३०० सुटले. तिसांपायी २,७०० गेले. त्या तिसांपैकी चार विकण्याजोग्या राहिल्या नाहीत, त्यांचे १,०४०. हातात उरले २,५६०. आणि समजा सणाच्या गर्दीत तिसांऐवजी पंचेचाळीस परत आल्या, सहा खराब निघाल्या. तर पंचावन्नांवर ४,९५० सुटून ५,६१० जातात. शंभर कुर्त्या विकून ६६० रुपयांचा तोटा! पडद्यावर मात्र ‘शंभर मागण्या पूर्ण, अभिनंदन’ असे झळकत असते.

(भाडे कोण सोसणार, दारातून परत गेलेल्या पार्सलाचे वेगळे आणि उघडून परत केलेल्याचे वेगळे का, हे नियम कंपनीगणिक बदलतात आणि एकाच कंपनीचेही वर्षभरात बदलतात. ते वाचायला बसणे हा एक स्वतंत्र उद्योग आहे.)

पण हा बोजा कंपनीवर न पडता विक्रेत्यावर का पडतो? त्याचे एक उत्तर कायद्यात आहे. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन कंपनीला आपल्याकडे स्वतःच्या मालकीचा माल ग्राहकाला विकायला बंदी आहे. ती फक्त बाजार भरवू शकते. १ फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम आणखी आवळले गेले. हेतू चांगला होता. प्रचंड भांडवलाच्या जोरावर माल विकून या कंपन्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला गिळू नये, म्हणून माल दुकानदाराचाच राहावा. माल दुकानदाराचाच राहिला, आणि मालाबरोबर मालाचे नशीबही त्याच्याकडेच राहिले. गिऱ्हाइकाला ‘परत करा, एक पैसाही देऊ नका’ असे सांगणारी जाहिरात कंपनीची. पोते उघडणारी माझी बहीण.

दुसरे उत्तर जरा अडचणीचे आहे, कारण ते आपल्याकडे, म्हणजे गिऱ्हाइकांकडे येते. कायद्याने आपल्याला काय दिले आहे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांपर्यंत. अण्णांची ती पाटी त्या अर्थाने आज चालणार नाही, आणि ते योग्यच आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यालाही बांधून घेतले: माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत दाखवला तसा नसेल, सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर परत घेतलाच पाहिजे. हे सारे गरजेचे होते. मोबाइलच्या खोक्यातून साबणाची वडी निघाल्याच्या कहाण्या आपण ऐकल्या आहेत. महाग वस्तू दारातच उघडून दाखवण्याची पद्धत त्यातूनच आली. पण ‘मला आवडली नाही’ म्हणून परत करण्याचा हक्क आपल्या कायद्यात कुठेही नाही. युरोपात तो आहे, चौदा दिवसांचा. आपल्याकडे ती कंपन्यांनी चढाओढीत दिलेली सवलत आहे, आणि आपण तिला हक्क मानून चाललो आहोत.

अर्थात गिऱ्हाइकाला सरसकट लबाड ठरवण्यात अर्थ नाही. बहिणीच्याच म्हणण्याप्रमाणे लबाडी थोडी. निम्म्याहून जास्त कुर्त्या मापापायी परत येतात. आणि मापाचा गोंधळ खरोखरच मोठा आहे. एका कारखान्याचे ‘एल’ दुसऱ्याच्या ‘एम’एवढे. आपल्या देशातल्या माणसांच्या शरीराची मोजमापे घेऊन ठरवलेला स्वतःचा असा मापतक्ता आपल्याकडे नव्हताच. परदेशी तक्ते इकडेतिकडे ओढून काम चालले होते. निफ्ट या वस्त्रकलेच्या सरकारी संस्थेने त्यासाठी ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत २५ हजार माणसांना यंत्रापुढे उभे करून मापे घ्यायची, असा त्याचा आराखडा. तोवर गिऱ्हाईक काय करते? दोन मापे मागवते, बसेल ती ठेवते, दुसरी परत पाठवते. तिच्या बाजूने पाहिले तर चूक कुठे आहे? कापडाच्या दुकानात आपण दहा साड्या उलगडायला लावतोच की.

फरक एवढाच, की दुकानात उलगडलेली साडी दोन मिनिटांत घडी होऊन फळीवर जाते. इथे ती तीन राज्ये हिंडून वीस दिवसांनी येते.

आणि जो माल कुठेच जात नाही, त्याचे काय होते? श्रीमंत देशांत तो उघडून, तपासून, पुन्हा बांधण्यापेक्षा फेकणे स्वस्त पडते, म्हणून नवाकोरा मालही नष्ट केला जातो. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून अन्नाखेरीज इतर न विकलेला माल नष्ट करण्यावर बंदी आणली, ती २०२२ पासून लागू होऊ लागली. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये न विकलेले कपडे आणि पादत्राणे नष्ट करायला बंदी करणारा नियम केला, आणि मोठ्या कंपन्यांना तो जुलै २०२६ पासून लागू होईल असे ठरवले. आपल्याकडे कपडा सहसा असा मरत नाही. परतीचा माल लाटाने, कधी वजनावर विकला जातो. त्यातून तो आठवडी बाजारातल्या पथारीवर येतो. बहिणीच्या घरी आणखी एक वाट आहे. दर दोन महिन्यांनी बोहारीण येते. गेल्या खेपेला सात कुर्त्या देऊन एक स्टीलचा डबा आणि दोन वाट्या घेतल्या. डब्याची किंमत १,८२० रुपये पडली, असे तिने वहीत लिहून ठेवले आहे.

हल्ली तिने काही बदल केले आहेत. फोटो सकाळच्या उजेडातच काढायचा, त्यावर रंग चढवायचा नाही. कुर्ती जमिनीवर पसरून टेप लावून मोजायची आणि छाती, कंबर, उंची इंचांत लिहायची. नुसते ‘एल’ लिहायचे नाही. ‘धुतल्यावर एक इंच आटेल’ हेही तिने एकीखाली लिहिले, तेव्हा नवरा वैतागला, ‘असं लिहून कोण घेणार?’ खप खरोखरच थोडा उतरला. परतीही उतरल्या. कोणते जास्त उतरले ते सांगायला आणखी एक हंगाम जावा लागेल, असे ती म्हणते.

आणि तिने एक वही घातली आहे. लाल बासनातली नाही, साधी शाळेतली दोनशे पानी. अण्णांनी तिला आडव्या-उभ्या रेघा आखून दिल्या: पाठवले, ठेवले, परत, आणि मधोमध एक रुंद खाना, ‘जांगड’. परतीची मुदत उलटेपर्यंत प्रत्येक पार्सल त्या खान्यात राहते. मुदत उलटली की अण्णा त्यावर काट मारून ते ‘ठेवले’मध्ये नेतात. उल्हासनगरला जाण्याआधी आता ती कपाटाकडे पाहत नाही, या मधल्या खान्याकडे पाहते. मागच्या चार महिन्यांच्या नोंदींवरून तिला एवढे कळले आहे की गडद रंग कमी परत येतात, आणि घरी आलेल्यांपैकी बहुतेक सोळाव्या दिवसाच्या आत येतात.

परवा हे सारे ती मला समजावून देत होती. परतीच्या प्रत्येक ओळीसमोर गिऱ्हाइकाने दिलेले कारणही तिने लिहिले होते. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश ओळींसमोर ‘माल सदोष’ असे होते.

‘एवढा सदोष माल?’ मी विचारले.

‘छे! काही झालेलं नसतं त्यांना. पण सदोष म्हटलं की पैसे लवकर मिळतात, कुणी प्रश्न विचारत नाही. मग लोक तेच कारण निवडतात. आणि दहा जणांनी सदोष म्हटलं की तो माल कंपनी आमच्या यादीतून काढून टाकते.’ मग तिने वर पाहून सहज विचारले, ‘दादा, गेल्या महिन्यात तू बूट परत केले होतेस ना? तू काय कारण लिहिलं होतंस?’

बूट मला अर्धा इंच लहान होत होते. मी चहाचा कप उचलला.

तेवढ्यात बेल वाजली. ‘ताई, आज अकरा,’ दारातून आवाज आला. अण्णांनी चष्मा लावला आणि वही पुढे ओढली.